गणपतीपुरती दारू बंद: बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

नोंदीआधी

ही २०२२ सालची हकीकत आहे. त्या घराचा मी फॅमिली डॉक्टर. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या दोन चुका माझ्या आहेत. घरातल्या थोरल्याला सगळे दादा म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. औषधांचे डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण असं काही वाचून घरी प्रयोग करणारी माणसं मी पाहिली आहेत.

पार्श्वभूमी

दादा तेव्हा ४७ वर्षांचे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर तीन खोल्या. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, जिना उतरला की गुजराती. घरात ७४ वर्षांची आई (पुढे आजी), बायको (पुढे वहिनी) आणि कॉलेजात जाणारी १९ वर्षांची मुलगी. धाकटे भाऊ (पुढे भाऊजी) कारेलीबागेत वेगळे राहतात. दादा मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये. आधी लेथवर होते, नंतर तपासणीला बसवले. हातात मायक्रोमीटर आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब.

पहिली दारू चोविसाव्या वर्षी, मित्रांबरोबर दमणला. आमच्याकडच्या पोरांची पहिली दारू बहुधा दमणलाच होते, नाहीतर आबूला. मग वर्षातून दोनदा, मग महिन्यातून एकदा, आणि मग कुणीतरी एक फोन नंबर दिला.

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. कायदा त्याआधीचा, मुंबई राज्याचा, १९४९ चा. इथे दारू मिळत नाही असं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं. मिळते. दुकानासमोर उभं राहावं लागत नाही, ती घरपोच येते. भाव दुप्पट-तिप्पट पडतो, आत नक्की काय आहे याची हमी नाही, आणि प्यायची ती दार लावून. जिथे गुत्ता आहे तिथे चार लोक बघतात, घरी कुणीतरी सांगतं, दोस्त म्हणतो की आज पुरे. दादांना पिताना वीस वर्षांत बायको आणि मुलगी सोडून फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं. वाड्यातल्या लोकांच्या लेखी ते सज्जन, अबोल, लवकर झोपणारे गृहस्थ होते.

२०१९ पर्यंत रोजची एक क्वार्टर झाली होती, २०२१ पर्यंत अर्धी बाटली. आकड्यात सांगायचं तर आपल्याकडच्या व्हिस्की-रमची तीव्रता ४२.८ टक्के असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, अर्ध्या बाटलीत, म्हणजे ३७५ मिलीत, सव्वाशे ग्रॅमच्या वर. शिवाय सकाळचे दोन घोट वेगळे, कारण त्याशिवाय मायक्रोमीटर स्थिर राहत नसे. सकाळी हात थांबावा म्हणून दारू लागणं ही सवयीच्या पुढची पायरी आहे. शरीर आता दारू गृहीत धरून चालतं. दादा याला ‘सकाळचं औषध’ म्हणत आणि त्यात विनोद नव्हता.

घरच्यांकडे मात्र एक हुकमी पुरावा होता: दादा श्रावण पाळतात. दरवर्षी महिनाभर बंद. ‘मनात आणलं तर सोडतात ते,’ असं आजी मला कितीदा म्हणाल्या आहेत, तेही दारूचं नाव न घेता. श्रावणाचे पहिले चार दिवस दादांना घाम सुटतो, हात थरथरतात, झोप लागत नाही, याचं खापर उपासावर फोडलं जाई. वर्षानुवर्षं असं अचानक थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, यात मेंदू दर वेळी जास्त चिडका होत जातो. म्हणून पुढचं थांबणं आधीच्यापेक्षा जड जातं. २०२२ च्या श्रावणात दादा दोन दिवसही थांबू शकले नाहीत. घरच्यांना वाटलं, श्रद्धा कमी झाली.

माझी पहिली चूक

फेब्रुवारी २०२० मध्ये कारखान्याच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट घेऊन दादा दवाखान्यात आले. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. रक्ताच्या यकृत-तपासणीत जीजीटी नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट. एसजीओटी हे एसजीपीटीच्या जवळजवळ दुप्पट. रक्तातल्या तांबड्या पेशींचा आकार वाढलेला. हे चारही एकत्र दिसले की डॉक्टरच्या डोक्यात एकच गोष्ट यायला हवी, आणि ती आली. वहिनी शेजारी बसल्या होत्या, कंपाउंडर दारात होता. मी विचारलं, ‘काही घेता वगैरे नाही ना?’

हा प्रश्न नव्हता, उत्तर त्यातच भरलेलं होतं. दादा म्हणाले, ‘छे छे.’ मी तेल-तूप कमी करायला सांगितलं आणि फिरायला जा म्हटलं.

यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची साधी यादी आहे. किती वेळा, एका वेळी किती, सकाळी लागते का, नंतर अपराधी वाटतं का, असे प्रश्न. गुण शून्य ते ४०, आठच्या पुढे काळजी, विसाच्या पुढे व्यसनाची दाट शक्यता. माझ्या टेबलाच्या खणात ती तेव्हाही होती. पण दारूबंदीच्या शहरात ती काढायची म्हणजे समोरच्याला ‘तुम्ही गुन्हा करता का’ असं विचारल्यासारखं वाटायचं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीत आहे की देशात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात. त्यातल्या उरलेल्या ३७ पैकी एकाला मी स्वतःच जिना उतरवून दिलं होतं.

प्रसंग

२५ जुलै २०२२ ला बोटाद जिल्ह्यात लठ्ठाकांड झालं. मिथेनॉल मिसळलेली पोटली, म्हणजे पिशवीतली गावठी दारू, पिऊन चाळीसहून जास्त माणसं गेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं, आधी डोळे जातात, मग माणूस. महिनाभर घराघरांत तोच विषय. दादांकडे तेव्हा पैसे कमी पडू लागले होते, भविष्य निर्वाह निधीतून एकदा उचल झाली होती, वहिनींच्या पाटल्या गहाण होत्या. महिनाअखेरीला बाटलीऐवजी पोटलीच येत होती. वहिनींना हे माहीत होतं.

२८ ऑगस्टच्या रविवारी गणपतीचं मखर काढायला वहिनी माळ्यावर चढल्या. मखराच्या खोक्यात, थर्माकोलच्या खांबांच्या मधोमध, अकरा रिकाम्या बाटल्या.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली.

कोणते पर्याय पुढे आले

ही बैठक मला नंतर तीन वेगवेगळ्या तोंडांनी कळली.

धाकट्या भावांनी एका केंद्राचा नंबर आणला होता. तिथली माणसं गाडी घेऊन येतात, ‘पेशंट’ला उचलतात, सहा महिने ठेवतात, भेटायला बंदी. वहिनींचे भाऊ म्हणाले, परमिट काढून टाकू. चाळिशीनंतर प्रकृतीच्या कारणावरून दारूचं परमिट मिळतं, निदान शुद्ध माल मिळेल आणि मोजून मिळेल. आजींचं म्हणणं, मूर्तीसमोर शपथ घ्यायला लावा. वहिनी हळूच म्हणाल्या, आधी डॉक्टरांना विचारू या. त्यावर भाऊजींनी त्यांना गप्प केलं: ‘केसपेपरवर आलं म्हणजे कागदावर आलं. उद्या पोलीस केस झाली तर नोकरी जाईल.’

वहिनींनी एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही, मला पुढे महिन्याभराने सांगितली. जूनमध्ये त्यांनी ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून एक भुकटी मागवली होती आणि वीस दिवस वरणातून घातली होती. दादांना उलट्या सुरू झाल्या, छाती धडधडू लागली, तेव्हा घाबरून बंद केली. त्या पुडीत काय होतं ते मला माहीत नाही, पुडीवरही लिहिलेलं नव्हतं. डायसल्फिरामसारखं औषध असतं तर रोज अर्धी बाटली पिणाऱ्याच्या जेवणात ते गुपचूप घालणं म्हणजे जिवाशी खेळ होता. त्या औषधावर दारू प्यायली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचतं, रक्तदाब कोसळू शकतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

शेवटी आजींचा पर्याय जिंकला, कारण तो फुकट होता आणि त्यात कुणाला कुठे जावं लागत नव्हतं. दादांनी कबूल केलं: गणपतीत थेंबही नको, विसर्जनानंतर बघू. मंगळवारी, हरतालिकेच्या रात्री, दहाच्या सुमारास शेवटचा घोट.

हा या प्रकरणातला सगळ्यात घातक निर्णय आणि तो सगळ्यांनी चांगल्या मनाने घेतला. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरच्या देखरेखीशिवाय एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब एका रात्रीत काढला की जोर तसाच उरतो. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तो भ्रम होतो ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर त्यात माणसं दगावतात.

पाच दिवस

बुधवारी, ३१ ऑगस्टला, प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दादांच्या हातून निरांजन पडलं. दूर्वांची जुडी सुटेना. अंगावरचं उपरणं घामाने ओलं. आजी म्हणाल्या, पित्त झालं. जेवण गेलं नाही.

गुरुवारी, ऋषिपंचमीच्या पहाटे चारला फिट. जीभ चावली गेली, पलंगाच्या कडेला डोकं आपटलं. भाऊजींनी मला फोन केला. मी म्हटलं, ताबडतोब हॉस्पिटलला न्या. नेलं, एका खासगी रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दारू घेतात का? भाऊजी म्हणाले, नाही. वहिनी शेजारी उभ्या होत्या.

माझी दुसरी चूक इथे. माझ्याकडे २०२० चा रिपोर्ट होता, संशय होता, रुग्णालयाचा फोन नंबर होता. मी फोन केला नाही. घरचे नाही म्हणतात आणि नक्की माहीत नसताना मी कसं बोलायचं, असा सभ्य विचार केला.

डॉक्टरांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी जे करायचं ते केलं. डोक्याचं सीटी स्कॅन, ते स्वच्छ. फिटचं नेहमीचं औषध. माणूस जेवलेला नाही म्हणून ग्लुकोजची बाटली. आता हे प्रत्येक पाऊल बघा. दारू थांबल्यामुळे आलेल्या फिटवर ते नेहमीचं औषध फारसं उपयोगी पडत नाही, तिथे लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडच्या जातीचं औषध लागतं. आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्याला थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एका ‘नाही’ने हे दोन्ही घडलं.

शुक्रवारी रात्री दादा वेगळेच झाले. भिंतीवरून मुंग्या उतरताहेत म्हणाले, सलाइन उपटलं, नर्सला कारखान्यातल्या सुपरवायझरच्या नावाने हाक मारली. ताप १०१, नाडी १३०. आणि हात हवेत काहीतरी फिरवत होते, पुन्हा पुन्हा, उजवा गोल आणि डावा पुढे-मागे. मुलीने ते ओळखलं. बाबा लेथ चालवत होते.

पहाटे तीनला ती एकटी रात्रपाळीच्या डॉक्टरकडे गेली आणि म्हणाली, ‘बाबा रोज पितात. खूप वर्षं. मंगळवारी रात्रीपासून बंद केलीय.’ त्या तरुण डॉक्टरने तिला एकच विचारलं, किती. तिला मापसुद्धा माहीत होतं.

अर्ध्या तासात सगळी दिशा फिरली. शिरेतून लोराझेपाम (यकृत बिघडलेलं असताना त्या गटातलं हे औषध जास्त सुरक्षित), मोठ्या मात्रेत थायामिनची इंजेक्शनं, मॅग्नेशियम, दादांना अतिदक्षता विभागात हलवलं. सकाळी मी पोचलो तेव्हा घरी गौरी आणायची वेळ झालेली आणि वहिनी लिफ्टसमोरच्या बाकावर. मला बघून त्या फक्त म्हणाल्या, ‘तुम्हाला माहीत होतं ना?’

चौथ्या दिवशी दादा शुद्धीवर आले. तोल जात होता, डोळ्यांची बुबुळं थरथरत होती, पण ते हळूहळू निवळलं. पोलीस आले नाहीत. उपचारासाठी दिलेल्या माहितीवरून कुणावर केस झालेली मी माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेली नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकार आजारातच धरले आहेत, आणि त्याचं कलम २३ रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखायला सांगतं. ही गोष्ट दवाखान्याच्या दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

दुसरी बैठक

९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, घरी सोडलं. सुटका म्हणजे फक्त शरीरातून दारू बाहेर गेली होती, आजार होता तिथेच होता. या वेळी बैठक माझ्या दवाखान्यात झाली आणि दादा तिच्यात होते. पहिल्या बैठकीत त्यांच्याबद्दल बोलणं झालं होतं, त्यांच्याशी नव्हे.

उचलून नेणाऱ्या केंद्राचा विषय मी तिथेच संपवला. संमती नसलेल्या रुग्णाला दाखल करायचं असेल तर कायद्यात वाट आहे, कलम ८९. नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, नोंदणी असलेलं केंद्र आणि एका वेळी जास्तीत जास्त तीस दिवस. रात्री गाडीत कोंबून सहा महिने हे त्यात कुठेच बसत नाही. शिवाय दादा स्वतः उपचाराला तयार होते.

परमिटचा विषय मात्र मेहुण्यांनी पुन्हा काढला आणि तो वाटतो तितका मूर्खपणाचा नाही. ज्याला नुसती जास्त पिण्याची सवय आहे, त्याला कमी करता येतं. ज्याला सकाळी हात थांबवायला लागते आणि जो भ्रमापर्यंत जाऊन आला, त्याचं ‘मोजून’ टिकत नाही. मी शिफारस लिहायला नकार दिला. प्रकृतीसाठी दारू असं लिहिलेला कागद त्यांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टला टाचून ठेवायचा, ही कल्पनाच मला सहन होईना.

उरले दोन. पुण्याला ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन राहायचं, किंवा इथेच मानसोपचारतज्ज्ञांकडे बाह्यरुग्ण म्हणून. मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, आणि आमच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट होती: भाषा. दादा गुजरातीत सौदा करतात, भांडतात, विनोद करतात, पण रडतात मराठीत. माझा कल पुण्याकडे होता. दादांची रजा संपली होती, आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, नोकरी गेली तर गहाण पाटल्या जातील. त्यांनी इथेच म्हटलं. एक अट लिहून घेतली: पुन्हा सलग पिणं सुरू झालं तर पुणे, आणि तेव्हा चर्चा नाही.

काय केलं

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी शामक औषध दहा दिवसांत उतरवत बंद केलं, नाहीतर त्याचंच व्यसन लागतं. ओढ कमी करणाऱ्या औषधांत नॅल्ट्रेक्सोन यकृताचे आकडे खाली येईपर्यंत बाजूला ठेवलं, डायसल्फिरामही. मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री करून अॅकॅम्प्रोसेट दिलं. दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, त्यामुळे लोक विसरतात. मुलीने मोबाइलवर गजर लावले.

दर आठवड्याला बाईंकडे बसणं. त्यात फार थोर काही नव्हतं. संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ धोक्याचा, तेव्हा काय करायचं. नंबर फोनमधून काढला, पण तो पाठ आहे, मग काय. पगार सहा महिने वहिनींच्या खात्यात. दादांनी सहा ते आठसाठी सूरसागर तलावाभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात रोज अकरा.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला ते कुरकुरत गेले. अमेरिकेत अॅक्रन गावी १९३५ साली दोन दारुड्यांच्या गप्पांतून सुरू झालेली ही पद्धत, फी नाही, डॉक्टर नाही. तिसऱ्या सभेत एका गुजराती रिक्षावाल्याने स्वतःच्या भ्रमाची गोष्ट सांगितली, तो त्या तीन दिवसांत कल्पनेतली रिक्षा चालवत होता. घरी आल्यावर दादा वहिनींना म्हणाले, ‘मी एकटाच नाही गं.’

मग नाशिक. फेब्रुवारी २०२३, भाच्याचं लग्न. बाईंनी आधीच सुचवलं होतं की जाणं टाळा, नाहीतर महिनाभरासाठी डायसल्फिराम सुरू करू, आता यकृत बरं आहे. दादा म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का. आम्ही तो शब्द ऐकून गप्प बसलो. दारू सोडल्यावर पहिल्यांदा त्यांना एका साध्या बाजारपेठेत चार दारूची दुकानं उघडी दिसली, पाट्यांसकट. हळदीच्या रात्री ते प्याले, दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी स्वतः मला फोन केला. सप्टेंबरात जे घडलं त्यापेक्षा मला हा फोन मोठा वाटतो. भाऊजी ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणत होते. पाच महिने कुठेही गेले नव्हते. दोन दिवसांचंच पिणं होतं, तरी आधीचा इतिहास बघून नाशिकच्या डॉक्टरकडून तपासून, औषध घेऊन मगच त्यांना गाडीत बसवलं. ‘एकदम बंद’ ही चूक पुन्हा झाली नाही. परतल्यावर डायसल्फिरामची मागणी त्यांनीच केली. संमतीपत्रावर सही, खिशात कार्ड, गोळी रोज सकाळी वहिनींसमोर. खोकल्याच्या औषधापासून आफ्टरशेव्हपर्यंत कशात अल्कोहोल असतं याची यादी फ्रिजवर. सहा महिन्यांनी ती बंद केली.

पुण्याला गेले असते तर नाशिक झालं नसतं, असं मला अजून वाटतं. बाई म्हणतात, झालंच असतं, फक्त उशिरा. आमचं यावर एकमत नाही.

आज

नाशिकनंतर दादांनी घेतलेली नाही. जीजीटी मर्यादेत आलं, सोनोग्राफीत यकृताची चरबी थोडी उरली आहे. तळपायांची आग मात्र गेली नाही, दारूने नसा खराब होतात त्या सगळ्या परत येत नाहीत. त्या आजारपणाच्या काळातल्या काही गोष्टी त्यांना आठवत नाहीत, ते वहिनींना विचारून घेतात. मायक्रोमीटर पुन्हा हातात आहे. पाटल्यांपैकी दोन सुटल्या, दोन अजून पेढीवर.

वहिनी दादांच्या पाण्याच्या ग्लासचा वास घेतात, अजूनही, न कळत. ‘याला गोळी नाही का डॉक्टर?’ असं त्यांनी एकदा हसत विचारलं. त्यांचा रक्तदाब १५०च्या खाली येत नाही आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अॅनॉन सभेला त्या एकदाच गेल्या, घरातलं बाहेर बोलवत नाही म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारच्या त्या बैठकीतून कुणी एक फोन केला असता तर मी एवढंच सांगितलं असतं: आज बंद करू नका, उद्या सकाळी दोघं या. दारूची मात्रा, आधीच्या फिट, आधीची थरथर बघून कुणाला घरी औषधावर सोडवता येते आणि कुणाला दाखल करावं लागतं हे ठरवता येतं. दादा दाखल करण्याजोगे होते. बाप्पा घरी आणि दादा दवाखान्यात, यावर आजी रडल्या असत्या, इतकंच. फोन करायला लाज वाटत असेल तर केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

रुग्णालयात ‘नाही’ म्हणायचं कारण भीती होतं आणि ती भीती मी दवाखान्यात कधीच दूर केली नव्हती. आता माझा प्रश्न बदलला आहे. घरच्यांना बाहेर बसवतो आणि विचारतो, ‘आठवड्यातून किती वेळा होते?’ ‘घेता का’ विचारलं की माणूस नाही म्हणतो, ‘किती’ विचारलं की हिशेब करू लागतो. पुढच्या महिन्याभरात सात जणांनी हिशेब दिला. त्यातल्या दोघांना मी दहा वर्षं ओळखत होतो.

आणि मुलगी. ती तेरा वर्षांची असल्यापासून खाली गल्लीत जाऊन ‘पार्सल’ घेऊन यायची, कारण शाळेच्या पोरीवर कुणी संशय घेत नाही. म्हणून तिला माप माहीत होतं. त्या सहा वर्षांत ती दर चार-पाच महिन्यांनी पोटदुखी घेऊन माझ्याकडे येत होती. मी तिचे जुने केसपेपर काढून बघितले. सोळा भेटी, दोन सोनोग्राफी, जंताचं औषध चारदा. घरी कसं चाललंय, असं कुठेही लिहिलेलं नाही.